रात्रशाळेपासून कायदेमंडळापर्यंत : सोशल सर्व्हिस लीगचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यापुढे सर्वांत प्रथम येतात ते वार्षिक अहवाल, आणि अहवालांचा स्वभावच असा की त्यांत प्रत्येक साल मागील सालाहून बरे गेलेले असते. शाळा वाढलेल्या असतात, वर्गणीदार वाढलेले असतात, अध्यक्षमहाशयांचे यथोचित आभार मानलेले असतात आणि किरकोळ शिल्लक पुढील खात्यावर ओढलेली असते. मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचा इतिहास या शिरस्त्याने लिहिता येईल. परंतु तसा लिहिला तर या संस्थेत जे खरोखर घडले तेच नेमके निसटून जाईल. घडले ते असे की गिरगावात जमलेली काही सुशिक्षित मंडळी परळ-लालबागच्या गरिबांस सुधारावयास निघाली, आणि दहा-बारा वर्षांच्या आत त्यांतील सर्वांत जाणत्या माणसाच्या ध्यानात आले की पोराच्या हाती पाटी दिली, तरी त्याच्या आईबापाच्या हाती पुरेसा रोजमुरा पडल्यावाचून ती पाटी फार दिवस टिकत नाही. या एका उमगण्याचा इतिहास म्हणजेच लीगचा इतिहास, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि इमारती, देणग्या व पदाधिकारी यांचा उल्लेख त्याच्या अनुषंगाने येईल तेवढाच केला आहे.

लीगची स्थापना 1911 च्या मार्च महिन्यात झाली. अध्यक्षस्थानी सर नारायण चंदावरकर होते: उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, 1900 च्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष आणि प्रार्थना समाजाचे धुरीण. ज्यांच्या नावावाचून त्या काळी कोणत्याही सत्कार्याची पत्रिका छापून होत नसे, अशा थोड्या मंडळींपैकी ते एक होते. चिटणिशीचे, म्हणजे प्रत्यक्ष पायपिटीचे काम नारायण मल्हार जोशी यांजकडे आले. जोशी हे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, 1879 साली जन्मलेले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन काही वर्षे मास्तरकी केल्यावर 1909 साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले होते. समाजाची मुंबईतील शाखा गिरगावात, सँडहर्स्ट रोडवर होती, आणि लीगची पाळेमुळेही त्याच परिसरात रुजली. वक्तृत्वाची देणगी जोशांस फारशी नव्हती. आकडे, दाखले, पत्रव्यवहार आणि पुन्हा पुन्हा केलेला अर्ज ही त्यांची हत्यारे होती, आणि ज्यास लोकप्रियता म्हणतात ती या हत्यारांनी मिळत नसली तरी कायदे मात्र बहुधा यांनीच होतात.

लीगच्या आधी या क्षेत्रात काहीच नव्हते असे मानणे हा मोठा अन्याय होईल. प्रार्थना समाजाने मजुरांसाठी रात्रशाळा एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या चरणातच काढल्या होत्या. महात्मा फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडली, त्या वेळी लीगचे बहुतेक संस्थापक शाळेत होते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 18 ऑक्टोबर 1906 रोजी परळ भागातच, ग्लोब मिलजवळील मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात, अस्पृश्य गणलेल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचा पाया घातला, आणि त्या कामी त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी आपले आयुष्य वाहिले. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांचे सेवासदन 1908 साली निघाले. कामगारांतूनच उभी राहिलेली, सीताराम केशव बोले यांची कामगार हितवर्धक सभा लीगहून थोडी वडीलच. लीगने नवे आणले ते निराळेच: तिने आपल्या उद्देशपत्रिकेत दानधर्माच्या अगोदर सामाजिक वस्तुस्थिती गोळा करणे, तिचा अभ्यास करणे आणि त्यावरून लोकमत घडविणे या गोष्टी घातल्या. आधी पाहावे, मोजावे, मग करावे, हा क्रम पुण्यकर्माच्या आपल्या रूढ कल्पनेस परका होता. 1915 पासून निघू लागलेले लीगचे इंग्रजी त्रैमासिक याच वृत्तीचे अपत्य होय.

पाहावयाचे काय होते? 1896 च्या प्लेगाने हादरलेल्या सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढून रस्ते रुंद केले, घरे पाडली. पण पाडलेल्या घरांतील माणसे हवेत विरून जात नसतात, ती शेजारच्या चाळीत पोटभाडेकरू म्हणून शिरतात. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे 1911 साली या शहरात होती. त्यांतली बहुतेक परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड या पट्ट्यात एका खोलीत, आणि एकटे पुरुष एका गावच्या गाळ्यात दहा-दहा पंधरा-पंधरा, पाळीपाळीने अंथरूण घालून राहत. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने 1921-22 मध्ये 2,473 कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची तपासणी केली, तीत शंभरांतील 97 कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे आढळले. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती बावन्न रुपयांच्या आसपास होती आणि 47 टक्के कुटुंबे कर्जात होती. त्याच अहवालातील एक वाक्यार्थ असा की कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामावरील मजुरास मिळणाऱ्या धान्याच्या तोडीचे असले तरी मुंबईच्या तुरुंगातील कैद्यास मिळणाऱ्या शिध्याहून कमीच होते. सरकारी अहवालात अशी वाक्ये क्वचित येतात. आली म्हणजे ती पुसून टाकणे सरकारलाही कठीण जाते.

या खोलीत जन्मास येणाऱ्या मुलाचे काय होई, याविषयी 1921 चे आकडे भयानक आहेत. त्या साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, आणि एका खोलीत राहणाऱ्यांत हे प्रमाण आठशेच्या वर होते. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे, कारण हे आकडे व्यासपीठावरून पुष्कळदा ओरडून सांगितले जातात. कोकणातली बाई बाळंतपणास गावी जाई, जन्म तिकडे नोंदला जाई, आणि मूल दोन-चार महिन्यांचे होऊन मुंबईस आले व येथे मेले की मृत्यू मात्र शहराच्या खात्यावर पडे. तेव्हा प्रमाण काहीसे फुगलेले आहे. फुगीर भाग वजा घातला तरी जे उरते तेही, चार खोल्यांच्या घरात राहणाऱ्याच्या मुलाशी ताडून पाहिले असता, लाज वाटावी असेच होते.

गिरण्यांतील एकंदर कामगारांत सुमारे एक पंचमांश बायका होत्या. त्या मुख्यतः कांडीखात्यात व रिळावर असत, आणि त्यांस कामावर घेणे वा न घेणे हे नायकिणीच्या, म्हणजे बायकांवरील मुकादमिणीच्या, मर्जीवर असे. सकाळचा भोंगा होण्यापूर्वी घर सोडावयाचे, तान्हे मूल म्हातारी असेल तर तिच्यापाशी, नसेल तर शेजारणीपाशी वा मोठ्या बहिणीच्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरीच्या, स्वाधीन करावयाचे. आणि ते दिवसभर रडू नये म्हणून त्यास बाळगोळी द्यावयाची. बाळगोळीत अफू असे. सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्सबाईंनी गिरणीतील बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करून 1922 मध्ये जे लिहिले त्यावरून दिसते की या बायकांच्या शंभर मुलांपैकी 98 मुलांस अफू दिली जात होती. मोहरीएवढी ती गोळी आईच्या दुधाबरोबर चाटविली की मूल संध्याकाळपर्यंत निपचित पडून राही. त्यास भूक लागत नसे, म्हणून ते वाळत जाई, आणि वाळलेले मूल किरकिर करी म्हणून गोळी वाढे. याला अज्ञान म्हणून नाक मुरडणारी मंडळी तेव्हाही होती. परंतु ती आई अज्ञानी नव्हती. आपण काय देत आहो हे तिला पक्के ठाऊक होते. दिवसभर रडणाऱ्या मुलाच्या पायी शेजारीण उद्या त्याला ठेवून घेणार नाही आणि खाडा पडला तर परवा नायकीण दारात उभी करणार नाही, हेही तिला तितकेच पक्के ठाऊक होते.

लीगच्या आरंभीच्या कामांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांचा भाबडेपणा आणि त्यांची थोरवी दोन्ही एकदम दिसतात. रात्रशाळा उघडल्या गेल्या. चाळीतला एखादा गाळा, भिंतीवर फळा, खाली सतरंजी, एक कंदील, आणि आपापली पाळी करून आलेले, कपाळावर कापसाची पीज चिकटलेले विद्यार्थी. त्यांतले काही चाळिशीचे तर काही गिरणीत साच्यावर भरल्या बाबिनी उतरविणारी दहा-अकरा वर्षांची डॉफर पोरे. फिरती ग्रंथालये निघाली, म्हणजे लाकडी पेट्या. पुस्तके भरलेली पेटी एका चाळीत जबाबदार माणसाच्या घरी ठेवावी, त्याने वहीत नोंद करून पुस्तके द्यावी-घ्यावी, आणि काही दिवसांनी पेटी पुढच्या चाळीस जावी. ग्रंथालयापर्यंत वाचकाने यावे ही अपेक्षा सोडून ग्रंथालयानेच वाचकापर्यंत जावे, ही कल्पना आज साधी वाटते. पण ज्याच्या अंगावर कामाचेच कपडे आहेत त्या माणसास गिरगावातल्या वाचनालयाची पायरी किती उंच वाटते, याचा विचार करणारा कोणीतरी या मंडळीत होता एवढे त्यावरून नक्की कळते. आरोग्यावर मॅजिक लँटर्नची व्याख्याने होत, औषधपाण्याची तजवीज होई, पोलीस कोर्टात सापडलेल्या निराधारास कायद्याची मदत मिळे, मुलांस शहराबाहेरच्या मोकळ्या हवेत सहलीस नेले जाई.

होळीच्या दिवसांत शिमग्याची बोंब, दारू व बीभत्स गाणी यांपासून कामगारांचे चित्त वळवावे म्हणून खेळ, भजने व चित्रदर्शन यांचे कार्यक्रम करण्याची जी टूम त्या काळच्या समाजसेवक मंडळींत निघाली होती, तिच्यात लीगही हिरिरीने सामील होती. या उपक्रमाविषयी प्रस्तुत लेखकास फारशी आस्था वाटत नाही. शिमगा हा कोकण्याचा जीव की प्राण. त्यासाठी तो रजा काढून, प्रसंगी नोकरीवर पाणी सोडून गावी पालखी नाचवावयास जातो. त्या माणसास चंदावरकरांच्या पिढीने शिमगा कसा साजरा करावा हे शिकवावे, यात सदिच्छा होती तितकीच अनभिज्ञताही होती. नमन-खेळ्यांतील ज्या संकासुराला आणि ज्या गौळणीला तेव्हा अशिष्ट मानले गेले, त्यांनाच पुढे लीगच्या स्वतःच्या सभागृहात रात्र रात्र मुक्काम करावयाचा होता, हे अर्थात तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

शिक्षणापाठोपाठ कर्जाचा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला. मुले शाळेतून गळतात कां याची चौकशी करू गेले की उत्तर बहुधा पठाण सावकाराच्या दांडक्याशी येऊन थांबे. दरमहा दर रुपयास एक आणा हा गिरणगावातील सावकारीचा सर्रास भाव होता. वीस रुपये काढले तर दर महिन्यास सव्वा रुपया. वर्षाअखेर पंधरा रुपये व्याजापोटी भरूनही मुद्दल वीसच्या वीस उभे. अशा घरातले पोर नऊ वर्षांचे झाले की ते शाळेत बसवणे हा चैनीचा प्रकार ठरे, कारण 1911 च्या कारखाने कायद्याप्रमाणे नवव्या वर्षापासून त्यास सहा तासांचे काम करता येत असे आणि त्याचा अर्धा पगार म्हणजे त्या महिन्याचे व्याज असे. हिंदुस्थानच्या गिरणी-शहरांत तर एकाच पोराने दोन नावांचे दोन दाखले काढून सकाळी एका गिरणीत व दुपारी दुसऱ्या गिरणीत राबावे, असेही प्रकार उघडकीस आले होते. लीगने सहकारी पतपेढ्या काढल्या त्या या कारणास्तव. भारत सेवक समाजाचे दुसरे सभासद गोपाळ कृष्ण देवधर व पुढे ठक्कर बापा यांनीही म्युनिसिपालिटीच्या झाडूवाल्यांत कर्जमुक्तीचे असेच काम चालविले होते. पतपेढीचे काम दिसावयास नीरस. त्यात हारतुरे नाहीत, फोटो नाहीत. पण एका घराचे सव्वा रुपयाचे व्याज दोन-अडीच आण्यांवर आणणारी वही ही कित्येक रात्रशाळांच्या हजेरीपटाहून मोलाची होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते.

1918 च्या सुमारास लीगच्या कामास निराळे वळण लागले. टाटा आणि करीमभॉय इब्राहिम या दोन गिरणीसमूहांनी आपापल्या कामगारांसाठी परळ भागात कामगार-संस्था काढून त्यांची व्यवस्था लीगकडे सोपविली. वाचनालय, वर्ग, खेळ, दवाखाना, पतपेढी आणि तक्रारी ऐकून घेण्याची काहीशी व्यवस्था हे सर्व एका छपराखाली आले. लंडनमधील टॉयन्बी हॉल 1884 मध्ये व शिकागोतील हल हाउस 1889 मध्ये ज्या विचाराने निघाले तो विचार, म्हणजे गरिबांस मदत पाठविण्यापेक्षा त्यांच्या शेजारी जाऊन बसावे हा, येथे मुंबईच्या मापाने बेतला गेला. 1918 सालीच इन्फ्लुएंझाची साथ आली आणि शहरातील अनेक संस्थांबरोबर लीगच्या स्वयंसेवकांनी चाळीचाळीतून औषधे वाटली. मात्र मालकाच्या पैशाने चाललेल्या कल्याणकेंद्रात बसून मालकाविरुद्धची तक्रार किती मोकळेपणे ऐकता येते, हा प्रश्न तेव्हाच काहींच्या मनात उभा राहिला असला पाहिजे. निदान जोशांच्या पुढील वाटचालीवरून तसे दिसते.

1919 साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. तेथे मुलांच्या कामाचे किमान वय चौदा ठरले. हिंदुस्थानापुरते, आणि तेही मुख्यतः यांत्रिक कारखान्यांपुरते, बारा. त्यावरून 1922 चा कारखाने कायदा आला, नऊचे बारा झाले आणि बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांस सहा तासांची मर्यादा राहिली. परळमधील रात्रशाळेतील पोरांची डोळे मिटणारी झोप आणि अटलांटिकपलीकडील तो ठराव यांमध्ये सांधा जोडणारा माणूस लीगचा चिटणीस होता. कायद्याने गिरणीबाहेर काढलेले मूल शाळेत जाईलच असे मात्र नव्हते. ते रस्त्यावर वा घरी धाकट्या भावंडास सांभाळीत बसावयाचे. ती बाजू मुंबई महापालिकेने 1925 मध्ये एफ व जी वॉर्डांत, म्हणजे नेमक्या परळ-दादर-माहीम-वरळीच्या पट्ट्यात, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून काहीशी सावरली. सक्ती श्रीमंत गिरगावात प्रथम न करता कामगार वस्तीत प्रथम केली ही गोष्ट महापालिकेच्या श्रेयाची आहे, आणि तिचे कौतुक व्हावे तितके झालेले नाही.

ऑक्टोबर 1920 मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या उभारणीत जोशी होतेच. 1921 पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते मजुरांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसू लागले आणि पाव शतक बसले. 1924 साली त्यांनी तेथे एक लहानसे विधेयक मांडले. बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवडे गिरणीतील, खाणीतील बाईस कामावर येऊ देऊ नये आणि त्या काळाची भरपाई तिला मिळावी, एवढाच त्याचा आशय. ते फेटाळले गेले. असली भरपाई या देशास परवडणार नाही, मागणी बायकांची नाही, पुढाऱ्यांची आहे, हा सूर विरोधात होता. हाच सूर पुढेही प्रत्येक कामगार कायद्याच्या वेळी ऐकू आला, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. चार वर्षांनी तीच मागणी मुंबई कायदेकौन्सिलात सभासद असवले यांनी पुढे आणली. 1928 च्या जुलैमध्ये तिला पाठिंबा देताना डॉक्टर आंबेडकरांनी आईस या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे प्रतिपादन केले, आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती साहाय्य कायदा झाला. दररोज आठ आणे. बाळंतपणापूर्वी तीन व नंतर चार, मिळून सात आठवडे. हिशेब केला तर साडेचोवीस रुपये होतात. या साडेचोवीस रुपयांनी बाळगोळी बंद पडली नाही. परंतु महिन्याच्या आतबाहेरचे मूल टाकून रिळावर उभे राहण्याची पाळी पुष्कळ बायकांवर येईनाशी झाली, आणि ज्या मुलासाठी शाळा, दवाखाने, सहली व चित्रदर्शने यांचा एवढा प्रपंच मांडला होता, त्याच्या आयुष्यातील पहिले चार आठवडे त्यास आई मिळाली.

काळाच्या ओघात थोडे मागे येऊन परळच्या वास्तूविषयी लिहिले पाहिजे. ठाकरसी या गिरणीमालक घराण्यातील दामोदर ठाकरसी मूळजी यांचे नाव धारण करणारे लीगचे सभागृह 1922 मध्ये उभे राहिले, आणि दामोदर हॉल या सुटसुटीत नावाने ते गिरणगावाच्या तोंडी बसले. लीगने हे दालन स्वतःच्या व्याख्यानांपुरते राखून ठेवले नाही, हा तिच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय म्हणावा लागेल. 9 मार्च 1924 रोजी डॉक्टर आंबेडकरांनी बोलाविलेली सभा येथेच भरली. तीतून त्याच वर्षी 20 जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरीही दामोदर हॉलमध्येच थाटली गेली. पोयबावडीच्या ट्रस्ट चाळीत राहणारे बॅरिस्टर दररोज याच कचेरीत बसत, आणि जानेवारी 1925 मध्ये सोलापुरास निघालेल्या विद्यार्थी वसतिगृहाची चक्रे येथूनच फिरली. येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. लीगने अस्पृश्यांच्या मुलांसाठी काही केले हे एक. आणि अस्पृश्य समाजाच्या पुढाऱ्याने आपल्या मुलांसाठी स्वतः काय करावे हे ठरविण्यास लीगच्या छताखाली जागा मिळाली हे दुसरे. पहिले परोपकारात मोडते, आणि त्याचे श्रेय शिंद्यांसारख्यांच्या वाट्यास अगोदरच गेलेले होते. दुसऱ्याची योग्यता निराळी आहे, आणि ते लीगच्या अहवालांत मोठ्या अक्षरांत छापले गेले असो वा नसो, येथे ते छापले पाहिजे.

याच सभागृहात कामगारांची नाटके होऊ लागली. सहकारी मनोरंजन मंडळासारख्या हौशी संस्थांनी येथे बस्तान बसविले. दिवसा माग चालविणारा संध्याकाळी तोंडास रंग लावू लागला. आणि कालांतराने कोकणातील नमन-खेळे, जाखडी, दशावतार, शाहिरी यांचे मुंबईतील हक्काचे घर म्हणून दामोदर नाट्यगृह ओळखले जाऊ लागले. गावच्या शाळेच्या इमारतीसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, गावच्या रस्त्यासाठी चाकरमान्यांनी निधी जमवायचा तो येथे नमनाचा प्रयोग लावून. परळमधल्या तिकिटविक्रीवर संगमेश्वर-गुहागरकडची किती शाळागृहे उभी राहिली याची मोजदाद कोणी केलेली नाही, ती करण्यासारखी आहे.

कामगार चळवळीच्या राजकारणात मात्र लीगची माणसे हळूहळू एका बाजूस पडली. 1926 मध्ये जोशी अध्यक्ष व आर. आर. बखले चिटणीस असलेले मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाले. वर्गणी, पावती, कार्यकारी मंडळ, वाटाघाटी सगळे रीतसर. दोनच वर्षांनी एप्रिल ते ऑक्टोबर 1928 असा सहा महिन्यांचा संप झाला, आणि त्या वणव्यात गिरणगाव लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनकडे वळले. जोशी संयुक्त संप समितीत बसले खरे, परंतु गर्दी त्यांची राहिली नव्हती. समन्वयवादी म्हणून त्यांची हेटाळणीही झाली. पुढे 1929-31 च्या शाही मजूर आयोगावर ते सभासद म्हणून बसले, आणि त्या आयोगाच्या अहवालात पाळणाघरे, कर्ज, घरे यांविषयी जे आले आहे त्यात परळमधील वीस वर्षांचा अनुभव डोकावतो. जमाव हलविण्याची कला त्यांच्यापाशी नव्हती हे मान्यच केले पाहिजे; पण जमाव घरी गेल्यावर जे कलम शिल्लक राहते ते लिहिण्याची कला होती.

त्याच काळात मुंबईत या कामाची दुसरी शाखा वाढत होती. 1924 मध्ये मुंबईचा बालक कायदा झाला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन होऊन उमरखाडीतील मुलांच्या निवासगृहाची व्यवस्था तिने घेतली, अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यास शेजारगृह चालविले आणि तेथूनच 1936 साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. समाजसेवा हा पेशा झाला, तिला पदवी मिळाली, पगार मिळाला; ते योग्यच झाले. लीगच्या काळी ज्यास नुसते कार्यकर्ता म्हणत, त्याच्यापाशी पदवी नव्हती, मात्र चाळीच्या प्रत्येक मजल्यावरचा चहा त्याने घेतलेला असे.

स्वातंत्र्यानंतर जे काम लीग करी त्यातले पुष्कळसे सरकारने व महापालिकेने आपल्या अंगावर घेतले. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहून वस्तीवस्तीत कल्याण केंद्रे निघाली, आणि लीगचे लक्ष मुख्यत्वे शाळा व सभागृह यांवर स्थिरावले. 30 मे 1955 रोजी ना. म. जोशी निवर्तले. डिलाईल रोडला त्यांचे नाव मिळाले, आणि ज्या रस्त्यावर सरकारच्या विकास खात्याने 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या बी.डी.डी. चाळी बांधल्या होत्या, त्याच्याच पाटीवर एका खोलीच्या दुःखाशी आयुष्यभर झगडलेल्या मनुष्याचे नाव आले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. घरचा कर्ता पुरुष घरी बसला, आणि खानावळ, शिवण, घरकाम यांवर बायकांनी संसार ओढले. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांसाठी काढलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने बँकेचे कर्ज जामिनाच्या खटपटीवाचून मिळवून देण्याचा जो मार्ग पाडला होता, तो या काळात गिरणगावास फार उपयोगी पडला. सहकारी पतपेढीची जुनी वही एका परीने तेथे पुन्हा उघडली गेली. फरक एवढाच की आता ती बाईच्या हाती होती.

शंभरी ओलांडलेले दामोदर नाट्यगृह 2023 च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, आणि त्या जागी किती मोठे नाट्यगृह पुन्हा उभे राहणार यावरून रंगकर्मी व लोककलावंत यांनी आवाज उठविला. लीगच्या शाळेला जागा हवी ही गोष्टही खोटी नाही. लीगचे कामच रात्रशाळांपासून सुरू झालेले. परंतु प्रश्न आसनांच्या संख्येपुरता नाही, भाड्याचाही आहे. वातानुकूलित नाट्यगृह बांधून त्याचे दर व्यावसायिक नाटकांच्या हिशेबाने ठरविले, तर रविवारी सकाळी गावच्या शाळेसाठी नमन लावणारी मंडळे तेथे पाऊल टाकू शकणार नाहीत, मग आसने हजार असोत की पाचशे. तेव्हा नव्या वास्तूचे नकाशे मंजूर होतील त्याच बैठकीत कामगार वस्तीतील व गावकरी मंडळांसाठी सवलतीचा दर आणि राखीव दिवस यांचा ठराव लेखी करून घ्यावा, आणि त्याची नक्कल दफ्तरात 1922 च्या कागदांशेजारी लावावी.